खालच्या ओळीतला डोळा

आज उत्तरेकडून कोरडा वारा सुटलाय. आभाळ पिठूळलेलं, सूर्य आहे पण झाकलेल्या दिव्यासारखा, आणि बाजारभर बारीक धूळ. ओठ फुटायचे दिवस हे. माझ्या अंगावरही धूळ बसलीय, पण पुसायला कोणी नाही. मी टेचिमान गावच्या बाजारातल्या याव बोआहेन या शिंप्याचा फळा बोलतोय.

आधी मी एका शाळेचं दार होतो. बिजागरी गेली तेव्हा सुतारानं मला कापलं, जुन्या बॅटरीतली काळी पूड कालवून दोन हात दिले, आणि झालो फळा. शाळेतून निवृत्त झालेल्या सेलिना बाईंनी मला मास्तरांच्या दुकानात आणून टांगलं. मास्तर म्हणजे हेच याव बोआहेन. तेव्हा त्यांची सगळी कामं डोक्यात असायची. येईल त्याला म्हणायचे, शुक्रवारी या. शुक्रवारी बाकावर आठ जण आपापल्या कापडावर नजर ठेवून बसलेले, आणि मास्तर नवव्याचं माप घेतायत.

"डोकं म्हणजे काय पोतं आहे, कोंबत राहायला?" बाई म्हणाल्या. "रोज सकाळी यावर मांडा. आधी करायचं ते वर, मागून करायचं ते खाली. झालं की पुसा."

"मला लिहिता कुठं येतंय, बाई?"

"मग चित्रं काढा. हात तर चांगला आहे तुमचा."

हात खरंच चांगला होता. सदरा, झगा, शाळेचा गणवेश, सगळं खडूच्या चार रेघांत. काम झालं की मास्तर मला तळव्यानं पुसायचे आणि क्षणभर हात तसाच ठेवायचे. मला ते फार आवडायचं. तीन महिन्यांत शुक्रवारचा बाक रिकामा झाला. मीही फुशारलो.

पण वेळेवर देणारा शिंपी म्हटल्यावर लांबच्या गावांहून माणसं यायला लागली. जितकं पुसावं त्याच्या दुप्पट मांडावं लागे. त्यात आमच्याकडे मयताचा मोठा विधी शनिवारी. सगळ्या घराण्याला एकाच कापडाचे, काळे नाहीतर तांबडे कपडे लागतात, आणि ते शुक्रवारी हातात पडावे लागतात. मयताचं काम मास्तरांनी कधी परत पाठवलं नाही. बाकीची चित्रं पुसून एकेक ओळ खाली काढायची आणि वर काळा झगा.

एका सकाळी मास्तरांनी माझ्यावर खडूनं एक डोळा काढला. बाजूनं माणूस आलेलं त्यांना दिसत नव्हतं, सुईचं नेढं सापडत नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर गावात येत ते फक्त गुरुवारी. आणि गुरुवार म्हणजे मास्तरांना मान वर करायला फुरसत नसायची.

शेजारच्या ओट्यावर आफिया मावशी मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे विकते. सुईत दोरा तीच ओवून द्यायची.

"मास्तर, आज जाणार ना डॉक्टरकडे?"

"बारा झगे आहेत गं. पुढच्या गुरुवारी."

"तुमचा पुढचा गुरुवार माझ्या नवऱ्यासारखाच आहे. 'आलोच' म्हणून गेला, त्याला अकरा वर्षं झाली."

मास्तर हसत हसत शिवत राहायचे. तो डोळा दर आठवड्याला पुसला जाई आणि एक ओळ खाली काढला जाई. शेवटी अगदी माझ्या खालच्या कडेला येऊन थांबला. तिथून खाली जागाच नव्हती. मी काय करणार? वरचं काम वर दाखवायचं, एवढंच मला शिकवलेलं. पण एवढं कळत होतं, की त्या ओळीला बाकावर बसून घाई करणारं कोणी नव्हतं.

तुमच्या भिंतीवर माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याची सगळ्यात खालची ओळ एकदा वाकून बघा बाबांनो.

मग एका मयताच्या काळ्या झग्याला मास्तरांनी चुकून एक बाही काळी आणि एक तांबडी लावली. तो न्यायला बाकावर बसलेल्या आजोबांनी झगा परत मास्तरांपुढं सरकवला. त्या गुरुवारी आफिया मावशीनं आपला ओटा झाकला आणि मास्तरांना हाताला धरून नेलं. परत येऊन मास्तर यंत्रापाशी बसले.

"दोन वर्षं उशीर झाला म्हणतात. गेलेली नजर परत येत नाही. उरलीय तीही फार टिकायची नाही."

मावशीनं सुईत दोरा ओवून त्यांच्या हातात दिला.

त्यालाही आता वर्ष झालं. आज दुकान रिकामं होतंय. यंत्र पुतण्या घेऊन गेला, बाक सुतारानं नेला. नव्या भाडेकरूला मी नकोय, म्हणजे बहुतेक चुलीतच जाईन. माझं सोडा.

मघाशी मास्तर भिंत चाचपत आले. तळवा माझ्यावर टेकवला, पूर्वी टेकवायचे तसा.

"आफिया, बघ गं जरा, यावर काही राहिलंय का? कुणाचं काम माझ्याकडं अडकायला नको."

मावशी वाकली. अगदी कडेला तो डोळा होता, धुळीखाली, मास्तरांच्याच हातचा. पदरासारखं खांद्यावर टाकलेल्या कापडाचं टोक तिनं त्या चित्रावरून हळूच फिरवलं, आवाज होऊ न देता.

"काही नाही राहिलं, मास्तर. सगळी कामं झाली तुमची. चला, हात द्या."