ती ऐकते

आवळासुपारीची पुडी मुठीत नुसती दाबली तरी वाजत होती. एरवी नाटकाच्या गलक्यात ती कुणाच्या कानावरही गेली नसती. पण पडद्यावरचा हा सिनेमा मुका, पहिल्यापासून शेवटपर्यंत मुका, आणि मुरुडची एवढी माणसं श्वाससुद्धा हळू घेत असताना चांगदेवला वाटलं, सिनेमा झालेल्या आपल्या नाटकातलं ऐकू येण्याजोगं एवढंच काय ते उरलंय.

"कागद वाजतोय," शेजारून त्याची बायको कोकिळा कुजबुजली.

शब्दांवर तर नाव मिळवलं होतं त्याने! आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडता फाडता लिहिलेलं नाटक. त्यात बोटीवर नोकरीला निघालेला नवरा बायकोला सांगतो, आपण का चाललो ते — चांगली तीन पानं सांगतो — आणि प्रत्येक जत्रेत त्या तीन पानांना टाळ्या पडत आल्या. आणि ही सिनेमाची दिग्दर्शिका, पूर्वी नावाची कालची पोरगी, म्हणते कशी, काका, शब्द काढले तरी नाटक उरेल. नाही उरलं तर... आणि उरलं तर? या दुसऱ्या शक्यतेचीच त्याला जास्त धास्ती होती.

पडद्यावर जेट्टी आली. नवऱ्याचे ओठ हलू लागले तसे चांगदेवचेही — प्रॉम्प्टिंगची जुनी खोड; हा प्रवेश त्याने कायम विंगेत उभं राहून, संहितेत डोकं खुपसून काढलेला, समोरून कधी बघितलाच नव्हता. तेवढ्यात कॅमेरा वळला. नवऱ्याला पाठमोरा सोडून बायकोच्या चेहऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. हिच्यासाठी काय लिहिलं होतं मी? कंसात दोन शब्द — ती ऐकते. बस्स. आणि ऐकताना तिचं हे असं होत होतं? आधी आशा, मग लाज, मग... अरे, गप्प करा रे त्याला कुणीतरी!

मग तिचेच ओठ हलले. चार-पाच शब्द असतील. नवऱ्याची मान खाली गेली.

मागच्या रांगेतून सदू पुढे वाकला. जत्रेत नवऱ्याचं काम नेहमी तोच करायचा. "भाऊ, काय बोलली वो ती? तुमीच लिवलंय न्हाय का?"

चांगदेवने ते लिहिलं नव्हतं.

"मला कळलं," पडद्यावरून नजर न काढता कोकिळा म्हणाली, आणि ते इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की तो घाबरला. काय कळलं, एवढंच विचारायचं होतं. संसारभर घरात बोलत तोच आला होता. हा एक प्रश्न काही तोंडातून फुटेना. दिवे लागले की विचारू, असं त्याने ठरवलं. आणि दिवे लागूच नयेत, असं त्याला मनापासून वाटू लागलं.