गौरम्माची नोटीस

बंगळुरूत कोरमंगलातल्या ऑफिसात अभिराज टपाल खात्यासाठी बंद करण्याजोग्या खेड्यांतल्या टपालघरांची यादी करत होता. पुण्याहून येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती.

"दिवसाला सहा पत्रं! त्यासाठी पोस्ट कशाला? सगळं मोबाईलवर येतं आता," तो म्हणाला. आपल्यापैकी कितीजण असंच म्हणतात!

साहेबांनी एकदा गाव पाहून यायला सांगितलं, म्हणून तो होसकोट्यापलीकडच्या एका खेड्यात गेला. तिथले पोस्टमन मालोजी साठीला आलेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, पण घरात मराठी. टपालाची पिशवी घेऊन ते वाटपाला निघाले, तेव्हा अभिराजने त्यांना आपल्या गाडीत घेतलं आणि वाटेत सहा पत्रांचा हिशेब ऐकवला.

वळणावर एक जीप आडवी उभी होती. तिघे उतरले. एकाच्या हातात लोखंडी गज होता.

"गौरम्माची नोटीस दे."

मालोजी खाली उतरले. "जिचं नाव, तिच्याच हातात देणार."

पहिला फटका खांद्यावर बसला. अभिराजने गाडीची दारं लॉक केली! काचेतून तो पाहत राहिला. दुसऱ्या फटक्यात मनगट मोडल्याचा आवाज त्याला आतपर्यंत ऐकू आला. मालोजी पडले, पिशवी पोटाखाली घेऊन पालथे झाले. बुटाची लाथ तोंडावर बसली, मग डोळ्यावर. मातीत रक्त आणि एक दात पडला. तरी त्यांनी पिशवी सोडली नाही.

एकाने दगड उचलला, तेव्हा मात्र अभिराज दार उघडून धावला. त्याने तो हात धरला. गज त्याच्या कपाळावर बसला. त्याची किंकाळी ऐकून टोमॅटोच्या शेतातल्या बायका कोयते घेऊन धावत आल्या आणि तिघे जीपमध्ये बसून पळाले.

"चला, दवाखान्यात!"

"आधी गौरम्मा," मालोजी रक्त थुंकत म्हणाले.

"एका कागदासाठी जीव देता?"

"उद्या तहसीलदारापुढं सुनावणी हाय. ती गेली नाही तर तिचं शेत दुसऱ्याच्या नावावर जातंय. फोन नाही, लिहिता-वाचता येत नाही. तिला कोण सांगणार? तुमच्या सहा पत्रांतलं एक हे, साहेब!"

अभिराजने गाडी गौरम्माच्या घराकडे वळवली.

गौरम्माने अंगठा उठवला आणि पदराने मालोजींचा चेहरा पुसला. त्यांनी तिला नोटीस कानडीत वाचून दाखवली, तारीख दोनदा सांगितली आणि उंबऱ्यातच त्यांची शुद्ध हरपली.

गौरम्मा सुनावणीला गेली. शेत तिचंच राहिलं. मालोजींचा डावा डोळा मात्र गेला.

अभिराजने पोलिसांत साक्ष दिली. धमक्या आल्या, तरी त्याने जबाब फिरवला नाही. तिघांना अटक झाली. यादीसोबत द्यायचा अहवाल त्याने नव्याने लिहिला. त्यात स्पष्ट लिहिलं, "माणूस मार खात असताना मी गाडी लॉक करून बसलो होतो." शेवटी गावकऱ्यांच्या सह्या जोडल्या. गावचं टपालघर यादीतून निघालं.

मित्रहो, आपल्याला लागत नाही म्हणून दुसऱ्याच्या दारात येणारं टपाल बंद करू नका. गावात पोस्ट टिकलं, तर गरिबाचा हक्क त्याच्या घरापर्यंत पोचतो. त्या एका पत्राची किंमत तिघा गुंडांना कळली होती. शिकल्यासवरलेल्या आपल्यालाच ती कळली नव्हती!