डावीकडे दोन मिलिमीटर

काशीनाथकाकांनी फ्रेम आडवी करून खुंट्यावर बसवली, वरची चकती हातानं आवळली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

"आता कुणी बोलायचं नाही," ते म्हणाले.

तसं कुणी बोलत नव्हतंच. सुचेता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि यतीन मोबाइल समोर धरून आधीच शूटिंग करत होता. फ्रेम त्याच्यासाठी बनली होती, त्याच्या उंचीची, त्याच्या हातांच्या लांबीची. रंग अजून द्यायचा होता. पोलादी नळ्यांच्या सांध्यांवर पितळेचे जोड उघडे चमकत होते.

मीरा रोडच्या या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरी म्हणून जेवढी जागा होती, तेवढी काकांच्या लोखंडी टेबलानं खाल्ली होती. काकूंचं वॉशिंग मशीन त्यापायी बाथरूममध्ये गेलं होतं. टेबलाच्या मधोमध मनगटाएवढा जाड पोलादी खुंटा होता. सायकलच्या फ्रेमला खाली, जिथं पायडलांचा आस बसतो, तिथं एक आखूड नळी असते. ती खुंट्यावर आवळली की अख्खी फ्रेम टेबलाच्या वर आडवी, अधांतरी राहते. मग काका मोजपट्टीचा उभा काटा टेबलावरून सरकवत आधी पुढच्या नळीची उंची बघायचे, मग मागच्या दोन पत्त्यांची, ज्यांत चाक बसतं. सगळं एका पातळीत आलं तर फ्रेम सरळ, नाहीतर वाकडी. काकांकडे तिसरा प्रकार नव्हता.

कारखान्यात तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, दुसऱ्यांनी बनवलेलं मोजलं होतं. दोन वर्षांपूर्वी विक्रोळीची जागा विकून ते इकडे आले. टेम्पोतून उतरवताना हमालांनी टेबल एकदा सपशेल आपटलं, त्यावरून काकांनी सोसायटीला आठवडाभर ऐकवलं. मग फिक्सीवाल्या पोरांनी त्यांना शोधून काढलं. फिक्सी म्हणजे गिअर नसलेली आणि बहुतेकदा ब्रेकही नसलेली सायकल. मागचं चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेली, चाक फिरतंय तोवर पायांना सुट्टी नाही. तिची फ्रेम हातानं बनवून घ्यायची तर महिन्याचा पगार जातो, म्हणून पोरं ती आधी काकांकडे आणतात. काका हिरवा टॅग बांधतात, नाहीतर लाल. हिरवा असला की फ्रेम उद्या विकायला काढली तरी भाव उतरत नाही. लाल टॅगवाली फुकट दिली तरी पोरं नाक मुरडतात.

सुचेतानं बनवलेल्या तीन फ्रेमना लाल टॅग लागले होते. तिन्हींवर एकच शेरा होता. मागचा भाग डावीकडे, दोन मिलिमीटर.

पहिल्या वेळी तिनं मान्य केलं. माणूस चुकतो. दुसऱ्या वेळी मात्र तिनं चेणे गावातल्या आपल्या शेडमधून निघण्याआधी फ्रेमला तीनतीनदा दोरा लावला होता. ही रीत तिच्या वडिलांची, लवूची. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला बसून ते दूधवाल्यांच्या, पाववाल्यांच्या, ट्रकनं ठोकलेल्या सायकली सरळ करायचे. मागच्या एका पत्तीला दोरा बांधायचा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पत्तीवर आणायचा, आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचा दोरा किती अंतरावर आहे ते बघायचं. अंतर सारखं, तर सायकल सरळ. सुचेताच्या फ्रेमचं अंतर सारखं होतं. तिनं काकांना तसं सांगितलं.

"दोऱ्यानं गवंडी भिंत बघतो, सुचेता," काका म्हणाले होते.

"मग एकदा उलटी घालून मोजा ना. दुसऱ्या बाजूनं."

"तराजू उलटा धरला म्हणून वजन बदलतं का?"

तिथं जमलेली पोरं हसली होती. तिसऱ्या वेळी ती लाल टॅग घेऊन चेण्याला गेली आणि रात्रभर न जेवता बसली. सकाळी तिनं करवतीनं त्या फ्रेमचे दोन तुकडे केले. आतापर्यंत तिच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, हे कापतानाही तिला माहीत होतं, आणि त्यामुळेच तिनं ते अर्ध्यावर सोडलं नाही.

मग तिनं पडतं घेतलं. काकांना मागचा भाग दोन मिलिमीटर उजवीकडे हवा आहे ना, घ्या. नळ्या जोडताना पकडून ठेवायचा जो साचा होता, त्यात तिनं मागच्या बाजूला पत्र्याची दोन मिलिमीटरची पट्टी सारली. चौथी फ्रेम त्यावर बनली. दोरा लावला तर फरक आंधळ्यालाही दिसला असता. आज ती फ्रेम घेऊन आली तेव्हा रिक्षात दोनदा तिच्या मनात आलं की परत फिरावं. पण यतीन चार महिने थांबला होता, आणि आणखी एक लाल टॅग लागला असता तर चेण्याची शेड बंद करून तिला काशीमीऱ्याच्या कुठल्यातरी गॅरेजात लोखंडी गेटं जोडायला जावं लागलं असतं.

काटा पुढच्या नळीखाली गेला. काकांनी आकडा वाचला. काटा मागं आला, एका पत्तीवर, मग दुसऱ्या. काकांनी ओठ हलवून हिशोब केला आणि पुन्हा मोजलं.

"शून्य," ते म्हणाले.

"म्हणजे?" यतीननं विचारलं.

"म्हणजे सरळ. बघ सुचेता, जमतं की नाही? मीरा रोडला आल्यापासून सरळ काम म्हणून बघायला मिळालं नव्हतं. पुण्याची येवो, बंगळुरूची येवो, सगळ्यांची शेपटी डावीकडे. हल्ली कुणाला घाई, कुणाला मस्ती. पण तू ऐकलंस. दोऱ्याचा नाद सोडलास ना?"

त्यांनी खणातून हिरवा टॅग काढला, त्यावर सही केली आणि वरच्या नळीला बांधला. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. यतीननं फोटो काढला आणि तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला. फोन टिंगटिंग वाजू लागला.

क्षणभर सुचेतालाही आनंद झाला. मग त्या आनंदाचीच तिला इतकी चीड आली की कान तापले. तीन सरळ फ्रेमना लाल, आणि या वाकडीला हिरवा! आणि आपण इथं मूग गिळून उभ्या.

"ताई, एकच नंबर," यतीन म्हणाला. "पेंट झाला ना, की पहिला घोडबंदरचा उतार. हात सोडून. व्हिडिओ पाठवतो तुम्हाला."

सुचेतानं त्याच्याकडे बघितलं. पोरगा पंचवीसचा असेल, ब्रेक बसवायला तयार नव्हता.

"काका," ती म्हणाली, "ती उलटी घाला."

"आता कशाला? टॅग बांधलाय मी."

"बांधलाय म्हणूनच."

काकांनी चष्मा काढला. तिनं त्यांच्या होकाराची वाट बघितली नाही. कुर्त्याच्या खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, मागच्या पत्तीला गाठ मारली, पुढं वळसा घालून दोरा ताणून आणला आणि दुसऱ्या पत्तीला बांधला. टेबलावरची पोलादी पट्टी उचलून मधल्या नळीला लावली.

"इकडं सत्तावीस. इकडं एकोणतीस. वाचा तुम्हीच."

काकांनी वाचलं नाही. "दोरा ओढणाऱ्याच्या हातावर असतं ते."

"मग दोरा राहू दे. मी सांगते ना, वाकडी आहे. मीच वाकडी केलीय. साच्यात पट्टी घालून."

यतीनचा मोबाइल खाली आला.

"मला फसवायला?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला.

"फसवायला नाही. तुमच्याकडून पास व्हायला."

मग काकांनी चकती सैल केली. फ्रेम उचलली, उलटली, पुन्हा खुंट्यावर बसवली. चकती आवळताना त्यांनी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला. काटा पुढं ठेवला, मागं आणला, आकडा वाचला. परत पुढं नेला. परत मागं. तीनदा केलं. कारखान्यात एखाद्या नव्या पोरानं एकाच बाजूनं माप घेतलं तर हेच काका त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचे, अशा गोष्टी त्यांनीच किती वेळा रंगवून सांगितल्या होत्या.

"चार," ते शेवटी म्हणाले.

"मघाशी तर झीरो होतं," यतीन म्हणाला. "चार कसं काय, काका?"

काका टेबलावर वाकले. त्यांनी खुंट्याच्या बुडाशी अंगठ्याचं नख लावलं आणि हळूहळू गोल फिरवलं. एका जागी नख अडकलं. त्यांनी ते तिथंच ठेवलं.

"टेबल आपटलं होतं ना तेव्हा," ते खुंट्याकडेच बघत म्हणाले, "टेबलाला पाणसळ लावून बघितली मी. चारही कोपरे बघितले. या खुंट्याला नाही लावली, आणि हाच कललाय. हा मी स्वतः घासून बसवलेला."

"म्हणजे?" यतीननं पुन्हा विचारलं.

"मघाशी दोन्ही चुका एकमेकींत फिटल्या, आता बेरीज झाली. चारातले दोन तिचे." काका थांबले. "दोन माझे."

सुचेतानं कितीतरी वेळा मनातल्या मनात या क्षणाची तयारी केली होती. काय काय ऐकवायचं ते पाठ होतं. पण समोरचा माणूस दोन मिनिटांत म्हातारा झाला होता, आणि तरीही तिचा राग काही केल्या उतरत नव्हता. दोन्ही एकदम सोसवत नव्हतं.

"पण काका," यतीन घसा खाकरून म्हणाला, "टॅग तर लागलाय ना ऑलरेडी. फोटो गेलाय ग्रुपवर. दोन एमएमनं काय होतं? मी हीच घेतो."

"सायकल एका बाजूला ओढेल," सुचेता म्हणाली. "उतारावर हात सोडलास तर कळेल काय होतं ते. शेडमध्ये दोन सरळ आहेत माझ्या. त्यातली एक तुझ्या मापाच्या जवळपास येईल."

"त्या लाल टॅगवाल्या?"

"लालच. पण सरळ आहेत."

यतीननं काकांकडे बघितलं, फ्रेमकडे बघितलं, फोनकडे बघितलं. ग्रुपवर अंगठे आणि बदाम पडतच होते.

"बघतो, ताई. कळवतो," तो म्हणाला, आणि बूट चढवायला बाहेर गेला. तो कळवणार नाही हे तिघांनाही समजलं.

काकांनी हिरव्या टॅगची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना तेव्हा कात्रीनं कापली. कापलेला टॅग चुरगळला, पण टाकला नाही, मुठीतच ठेवला.

"शेडमध्ये दोन म्हणालीस. लाल तर तीन लावले होते मी."

"तिसरी कापली."

"कापली?"

"करवतीनं. तुमच्याकडून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

"कशी होती ती?" काकांनी विचारलं. मग त्यांनाच आठवलं असावं, कारण त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. "मागच्या जोडांवर पितळ असं पसरलं होतं की कानस लावायची गरज नव्हती. तीच ना? मी म्हटलं होतं, जोड सुंदर आहेत, पण काय उपयोग."

"तीच."

काका स्टुलावर बसले. भिंतीवरच्या खिळ्याला लाल टॅगांचा जुडगा लोंबत होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"त्या पुण्याच्या पोरानं फ्रेम बनवायचं सोडलं म्हणे," ते म्हणाले. ते सुचेताला उद्देशून नव्हतं.

सुचेतानं खुंट्यावरून फ्रेम सोडवली. तिला आता घरी जायचं होतं, साच्यातली ती पट्टी उपटून भिरकावायची होती, आणि मोठ्यानं रडायचं होतं, तेही शेडचा पत्रा लावून घेऊन. तिनं फ्रेमवरचा दोरा सोडला आणि रिळावर गुंडाळायला घेतला.

"तो," काका म्हणाले. "तो इथं राहू देतेस?"

"बाबांचं रीळ आहे हे."

"बरं."

ती फ्रेम खांद्याला अडकवून दारापर्यंत गेली. तिथं थांबली. काका अजून स्टुलावर तसेच होते, मूठ मिटलेली. ती परत आली, रिळाचा दोरा दोन वाव सोडला, दातानं तोडला आणि टेबलावर, खुंट्याच्या बुडाशी ठेवला.

"ताणून धरायचा, पण तुटेल इतका नाही," ती म्हणाली.