फ्रिज कोणाच्या नावावर

"तुझ्यापायी झालं हे सगळं, मेल्या!" माझ्या पोटात डोकं खुपसून गीताकाकू पुटपुटल्या, काळी पडलेली कोथिंबीर उचलली आणि दार आपटून गेल्या.

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. लखनौच्या विकास नगरात पाटणकरांच्या स्वयंपाकघरात उभा असलेला एक जुना फ्रिज. तसं माझं वय फार नाही, पण दाराचं रबर सैल झालंय आणि उन्हाळ्यात मी म्हाताऱ्यासारखा कण्हतो. लोकांना वाटतं, फ्रिजला फक्त दूध आणि भाजी कळते. पण घरातली माणसं जे एकमेकांना सांगत नाहीत, ते माझं दार उघडून मला सांगतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या छातीवर वीजबचतीच्या ताऱ्यांचा कागद चिकटवला होता. माझी लायकी एकदाच ठरली आणि कायमची ठरली. माणसांचे तारे मात्र रोज कुणीतरी काढतं, लावतं, हे मला पुढे कळलं.

मला आणलं ते पाटणकरांच्या मुलाच्या, धैर्यशीलच्या साखरपुड्यासाठी. "सासरची माणसं येणार. तो गंजका डबा बघून काय म्हणतील?" असं तोच म्हणाला होता. हा धैर्यशील बँकेत नोकरीला. दुकानात तो धाकट्या बहिणीला, उत्कर्षाला म्हणाला, "बँकेतल्या माणसाच्या नावावर असले हप्ते बरे दिसत नाहीत. तुझ्या नावावर टाकू. भरणार मीच, यार!" उत्कर्षाची पहिलीच नोकरी होती तेव्हा. मला लाल घ्यावं की करडं, एवढीच काळजी करत तिने सही केली. फोन नंबर आईचा, म्हणजे गीताकाकूंचा दिला, कारण आई घरी असते.

पहिलं वर्ष फार कौतुकात गेलं. माझ्यावर क्रोशाचं झाकण आलं. शेजारच्या त्रिवेदीबाई बर्फ मागायला यायच्या. दसहरी आंबे माझ्यात इतके कोंबायचे की दूध ठेवायला जागा नसायची. मग लग्न झालं, धैर्यशील बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरोजिनी नगरला वेगळा राहायला गेला, आणि हप्ते बंद झाले. "फ्रिज तुम्ही वापरता, मी कशाला भरू?" असं तो आईला म्हणाला. वसुलीचे फोन यायला लागले. काकू माझ्यासमोर उभ्या राहून "राँग नंबर" म्हणायच्या. मुलांचे वडील मधुसूदनराव तेव्हा वर्तमानपत्र जास्तच जवळ धरून वाचायचे. उत्कर्षाला कुणी काही सांगितलं नाही.

यंदा तिला चिनहटच्या एका कंपनीत पैसे हाताळायची जागा मिळाली. पेढे आले, माझ्यात ठेवले. मग कंपनीचा पडताळणीवाला आला. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर घाम. माझ्यातलं गार पाणी प्याला, त्रिवेदीबाईंकडेही चौकशी करून गेला.

"नोकरी देतायत की मुलगी बघायला आलेत?" मधुसूदनराव चिडले.

आठवड्याने कंपनीचा निरोप आला. उत्कर्षाच्या नावावर थकलेलं कर्ज आहे. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला.

रविवारी धैर्यशील आला. आल्या आल्या त्याने माझं दार उघडलं, बाटली तोंडाला लावली.

"त्यात काय? लिहून टाक, माझ्याकडून राहून गेलं, सॉरी."

"माझ्याकडून?" उत्कर्षा म्हणाली. "दादा, तू लिहून दे ना, हप्ते तू भरणार होतास म्हणून."

"पागल है क्या? मैं बैंक में हूँ! उद्या माझे साहेब विचारतील."

"आणि मला आज विचारतायत, त्याचं काय?"

"तुझा क्रेडिट स्कोअर आधीच पडलाय. माझा कशाला पाडतेस?"

"आवाज खाली," मधुसूदनराव म्हणाले. "त्रिवेदींच्या खिडक्या उघड्या आहेत. कंपनीच नालायक आहे. उत्कर्षा, तू समजूतदार आहेस. लिही."

कागद तिच्यापुढे सरकवला गेला. तिने पेन उचललं. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. रबर बदललं नाहीत तरी मी कण्हत कण्हत तुमचं दूध सांभाळीन. पण ज्याच्या नावावर वस्तू घरात आणाल, त्याच्या नावाला वस्तूपेक्षा जास्त जपा. मी बिघडलो तर मिस्त्री येतो. नाव बिघडलं तर ते निस्तरायला कुणीच येत नाही, भाऊसुद्धा.

गीताकाकू आमरस काढायला आल्या. दार उघडून आत वाकल्या, नेहमीसारख्या. माझ्या दिव्याच्या उजेडात त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता मला शिव्या बसणार. पण त्या सरळ उभ्या राहिल्या. दार तसंच उघडं, आमरस आत. माझी सगळी गार हवा त्यांच्या पाठीवर जात होती.

"पेन ठेव, उत्कर्षा," त्या म्हणाल्या. "धैर्या, हा फ्रिज तू तिच्या नावावर घेतलास, तो तुझं नाव कोरं राहावं म्हणून. आणि आम्ही दोघं गप्प बसलो, कारण तू मुलगा होतास."