राखणदाराची करवंदं

रुपरावांसारखा सासरा कामिनीने दुसरा पाहिला नव्हता. मौद्याकडची शेती विकून मुलाकडे नागपुरात आले, तर म्हातारा माणूस टीव्हीपुढे बसेल म्हणावं. छे! खड्डे खणायला सब्बल घेऊन थेट मागच्या अंगणात उतरले.

कारण सासूबाई, प्रयागबाई. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं आणि त्यांचं जग खिडकीजवळच्या खाटेएवढं झालं. "इथं एक पाखरू नाही वं," एवढंच त्या सुनेला म्हणाल्या. मग बोलणं आटत गेलं. हसणं तर विसराच.

रुपरावांनी त्या खिडकीसमोर करवंदाची सहा झुडपं लावली. शेजारच्या सिंधूताई कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, काटे काहून लावून राहिले? शोची झाडं लावा ना!"

"शोचं झाड पाखराले काय खाऊ घालते?" असं सुनावून त्यांनी कूलरमधलं उरलेलं पाणी आळ्यात ओतलं.

नागपूरचे दोन उन्हाळे त्यांनी ती झुडपं पोत्यांची सावली करून जगवली. तिसऱ्या उन्हाळ्यात फळ धरलं. कामिनीच्या तोंडाला पाणी सुटलं. हिरव्या करवंदांचं लोणचं म्हणजे तिचा जीव की प्राण!

"मामाजी, वाटीभर तोडू?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"एक बी नाही. तुले बाजारातून आणून देतो."

आणि खरंच किलोभर आणून दिली. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मे सरता सरता करवंदं काळी झाली. एका सकाळी बुलबुलांची जोडी उतरली. कामिनीने घाईघाईने सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं. बुलबुलाने पहिलं करवंद चोचीत धरलं, तोच अंगणातून आरोळी उठली, "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ!" वर टाळ्याही. जोडी भुर्रकन पसार.

आरोळी रुपरावांचीच! चाळीस वर्षं ज्वारीत माळ्यावर उभं राहून पाखरं हाकललेली. गळा आणि हात डोक्याला विचारतात थोडेच! ते मटकन ओट्यावर बसले.

"माह्यासारखा बेअक्कल नाही वं. दोन वर्षं बोलावलं, अन् मीच हाकललं."



तीन दिवस पाखरू फिरकलं नाही. करवंदं गळून मातीत पडायला लागली. चौथ्या दिवशी रुपराव अंगणात आले ते तोंडात खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा कोंबून. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते ओट्यावर बसले. तासाभराने बुलबुल आला. एक करवंद खाल्लं. दुसरं खाल्लं. रुपरावांचे डोळे बटाट्याएवढे झाले, मानेची शीर टम्म फुगली, मांड्यांखालचे हात वळवळायला लागले. पण गडी हलला नाही.

खिडकीत खुदकन आवाज झाला. मग खो खो! प्रयागबाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"अवं कामिनी, पाह्य वं त्या बुढ्याले!"

त्या हसण्याने बुलबुल उडून गेला. तो कुठे गेला, हे कोणी पाहिलंसुद्धा नाही.