पुढच्या चाकाचं माप

आमची वाटणी घरून निघतानाच ठरली होती. डांबर वन्संचं, खडी माझी. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, निवृत्त नर्स. मी शिवणकाम करते. मोटरसायकल एक आणि बायका दोन, तेव्हा वाटणी हवीच. ज्या दोघींचं एका ओट्यापुढे पटलं नाही त्या एका सीटवर कशा बसणार, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. बसलो. अकरा हजार किलोमीटर बसलो. फक्त वन्सं पुढे आणि मी मागे. त्यांच्या हेल्मेटच्या पाठीवर किती ओरखडे आहेत ते मला झोपेतून उठवून विचारा.

कारण खडी आली की दरवेळी काहीतरी निघायचं. एकदा वारा फार होता. एकदा त्यांचं म्हणणं पडलं, "अगं, ही कुठली खडी? हा तर रस्ताच आहे." शेवटी मी दोन दिवस बोलणं टाकलं, तेव्हा त्यांनी शब्द दिला. पुढचा घाट, दोनशे ऐंशी किलोमीटर, सगळा कच्चा, अख्खा तुझा.

त्या घाटाच्या तोंडाशी एक गॅरेज आहे आणि गॅरेजवर चार खोल्या. लांबचे मोटरसायकलवाले तिथे थांबतात ते टायरसाठी. कच्च्या रस्त्यावर लागतात तसले खोल खाचांचे टायर त्या भागात दुकानात मिळत नाहीत. म्हणून घाट उतरून आलेला माणूस आपले टायर घाटात निघालेल्याला देतो आणि त्याचे डांबरावरचे स्वतः चढवतो. कुणी पाडलेली रीत नाही, पडलेली आहे.

आमची अदलाबदल ठरली होती मास्तरांशी. निवृत्त चित्रकला शिक्षक, एकटेच फिरतात, आणि मुख्य म्हणजे मराठी बोलतात. फोनवर वन्सं आणि ते चाळीस मिनिटं बोलले होते. सोमवारी येतो म्हणालेले मास्तर उगवले बुधवारी. आम्हाला त्या परक्या देशात राहायची परवानगी शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच होती, आणि सीमा घाटापलीकडे.

मी सकाळीच गाडी ठोकळ्यांवर चढवून दोन्ही चाकं काढली होती, टायर उतरवले होते, आणि उघड्या रिमा शेजारी ठेवून अंगणात बसले होते.

"मास्तर, तुमची चाकं काढायला घेऊ या का?"

"घेऊ की वहिनी. घोटभर चहा पोटात जाऊ दे."

चहा गेला. मग मास्तरांचा उंट आला, त्यांच्या तंबूत रात्री शिरलेला. त्यावर वन्संनी आमची नदी काढली. ही नदी मी नऊ वेळा ऐकली आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा पाणी गुडघाभर होतं. आता ते माझ्या गळ्याशी आलं होतं. खोल्यांतले बाकीचे फिरस्तेही येऊन बसले. त्यांना मराठी कळेना, म्हणून मी कशी पडले ते वन्संनी खुर्चीवरून पडून दाखवलं. टाळ्या पडल्या. एका दाढीवाल्याने मला पाहून आदराने मान हलवली. मी हातातल्या पान्याने त्याला नमस्कार केला.

"वन्सं, अकरा वाजले."

"हो गं. तर मास्तर, ही पाण्यात, आणि हिचा एक बूट निघाला वाहत..."

बूट वाहून गेलाच नव्हता. पण उंटाला टक्कर द्यायची तर बूट लागतो.

मास्तरांचं मागचं चाक सुटायला दीड वाजला. तो टायर आमच्या मागच्या रिमवर असा बसला की जणू बेतूनच शिवला होता. मग पुढचा. तो रिमवर ठेवला. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसा तो चारी बाजूंनी लोंबत होता.

"मास्तर, तुमचं पुढचं चाक किती इंचाचं?"

"एकवीस."

"आमचं एकोणीस."

वन्संनी आधी टायरकडे, मग मास्तरांकडे पाहिलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, ताई," मास्तर म्हणाले.

"तुम्ही सांगितलं नाहीत!" वन्सं म्हणाल्या.

"विषय निघाला नाही हो."

चाळीस मिनिटांत उंट निघाला, नदी निघाली, मास्तरांच्या साडूचं पोटदुखीचं ऑपरेशनसुद्धा निघालं. पण मी तरी कुणाला बोलू? तीस वर्षं मापाशिवाय मी कात्रीला हात लावलेला नाही. तो फोन चालू होता तेव्हा मी शेजारीच बसले होते आणि उंटाला हसत होते. तो एकवीसचा टायर पायाने ढकलून दिला.

"जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. "उद्या सकाळी पाण्याच्या टाक्यांचा ट्रक घाटातून जातोय. गाडी त्यातच चढवू. आपणही बसू."

"आणि माझा घाट?"

"अगं, घाट काय पळून चाललाय?"

"माझ्यापासून पळूनच चाललाय. अकरा हजार किलोमीटर."

"पुढचा टायर गुळगुळीत आहे. पडशील."

"तुम्ही पुढे असताना पडलेच की. रोज सांगता जगाला."

गॅरेजची मालकीण इतका वेळ हात बांधून उभी होती. असे लोक तिने वीस वर्षं पाहिले असतील. ती पुढे आली. आमचा जुना टायर अंगठ्याने दाबला आणि बोटांनी दाखवलं, हवा कमी कर. मग एक बोट वर केलं. माणूस एकच. मग वन्संकडे आणि आमच्या पेट्यांकडे बोट केलं आणि हात ट्रकच्या दिशेला हलवला.

मास्तर हळूच म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मागे ओझं नसलं तर निभेल."

"ओझं?" वन्सं कडाडल्या. मग बसल्या. बराच वेळ बुटाची नाडी सोडून बांधत राहिल्या. "तुझं काही बरंवाईट झालं तर भावाला काय तोंड दाखवू?"

"त्यांना मी आत्ताच फोन करते. तुम्ही शब्द दिलाय, वन्सं."

"दिलाय गं बाई. म्हणून तर..." रिमवर जुना टायर चढवताना मात्र पान्याचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

गुरुवारी उजाडताच निघाले. पाचव्या किलोमीटरला पडले. आठव्याला पुन्हा. पुढचं चाक डावीकडे घसरायचं, मी ते ओढून उजवीकडे आणायची, की गाडी आडवी. शिवणाच्या मशीनवर कापड असं ओढणाऱ्या शिकाऊ मुलींना मी टपली मारते. गाडीला पाठ लावून, गुडघ्यांवर जोर देऊन ती उभी करत होते तेवढ्यात टाक्यांचा ट्रक मागून येऊन थांबला. वन्सं दार उघडून उडी मारूनच उतरल्या.

"हात लावू नका."

"नाही लावत."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. उभ्या राहिल्या. गाडी वर येईना. एकदा त्यांचा खांदा पुढे आला, मी पाहिलं, तो मागे गेला. तिसऱ्या झटक्याला गाडी उठली.

"क्लच वाकलाय," त्या म्हणाल्या.

"दिसतोय मला."

"कोपर खरचटलंय."

"वन्सं, ट्रकवाला थांबलाय."

त्या चढल्या. ट्रक गेला आणि त्याची सगळी धूळ मला देऊन गेला. डोळे पुसले, ट्रकला, मास्तरांना, एकोणीस इंचांना शिव्या घातल्या, गाडी पहिल्या गिअरात टाकली. शंभर पावलांवर पुढचं चाक पुन्हा डावीकडे निघालं. ओढून ओढून हात भरून आले होते. जा मर, म्हटलं, आणि हँडल सैल सोडलं. चाक गेलं तसं आपलं आपण परत आलं.

दोनशे बहात्तर किलोमीटर उरले होते.