शेवटच्या कडव्यातलं नाव

अकरा वर्षं दत्ताराम डफावर थाप मारत होता, आणि अकरा वर्षांत त्याचं एकही गाणं कुणी पुन्हा म्हणायला सांगितलं नव्हतं. लोक ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन विसरायचे. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं तोवर सगळं ठीक होतं. शिवा आला आणि लक्षात आलं.

शिवा गिरणीच्या त्रासन खात्यात सूत कातणाऱ्या गुणाजीचा मुलगा. वय एकोणीस, राहणार समोरच्या चाळीत, भीमजयंतीला गाणी रचायचा. दत्तारामनेच त्याला आपल्या कलापथकात घेतला होता, झीलकरी म्हणून. म्हणजे मागे उभं राहायचं आणि शाहिराची ओळ उचलून धरायची. "आपल्याकडे जातपात नाही," असं दत्ताराम तेव्हा चारचौघांत छाती काढून म्हणाला होता. आता त्याला वाटायचं, घेतला नसता तर बरं झालं असतं. असं वाटल्याची लाजही वाटायची, पण थोडीच.

झालं होतं असं. जानेवारीतल्या गोळीबारात पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा गेला, आणि शिवाने त्याचं ताट वाढून बसलेल्या आईवर गाणं रचलं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्यानंतरच्या पहिल्याच सभेत दत्तारामने ते सहज म्हणून गायलं, आणि सभा चिडीचूप झाली. मग एका साप्ताहिकाने ते चौकटीत छापलं. परळपासून चिंचपोकळीपर्यंत बायका नळावर ते गुणगुणायला लागल्या. दत्ताराम व्यासपीठावर चढला की खालून आरोळी यायची, "शाहीर, शिवाचं होऊन जाऊ दे!" गळा दत्तारामचा, डफ दत्तारामचा, घाम दत्तारामचा आणि गाणं मात्र शिवाचं.

सगळ्यांत वाईट शेवटचं कडवं. शाहिरीत कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, आणि गाणारा कुणीही असो, ते नाव त्याला घ्यावंच लागतं.

*शिवा म्हणे, आये, ताट उचलू नको,*
*जेवायला अख्खं गिरणगाव येतंय गो.*

रोज रोज भर सभेत त्या पोराचं नाव आपल्या तोंडाने घ्यायचं! त्यापेक्षा गिळलेला खडा बरा. बरं, पोराला माजही नव्हता, नाहीतर चार शब्द सुनावता तरी आले असते. "दत्तारामकाका, तुमच्या गळ्यामुळे चाललंय सगळं," असं म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. त्यामुळे दत्ताराम जास्तच चिडायचा.

मे महिन्यात रे रोडला लाकडाच्या वखारींपाशी सभा ठरली. गोदीतले कामगार, नवी माणसं. तिकडे ते गाणं पोचलं नव्हतं. दत्ताराम दुपारभर गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभा होता आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. 'शिवा म्हणे'च्या जागी 'दत्ताराम म्हणे' बसत नव्हतं, लांबत होतं. पण आई लहानपणी दत्तू म्हणायची. जरा ओढून घेतलं की बसत होतं.

संध्याकाळी त्याने गाणं घेतलं. तिसऱ्या कडव्याला गोदीवाल्यांचं डोळे पुसणं सुरू झालं. चौथ्याला, शेवटच्या कडव्याला, दत्तारामने डोळे मिटले आणि गळा सोडला,

"दत्तू म्हणे, आये, ताट उचलू नको..."

मागे झीलकरी गांगरले. मग एकट्या शिवाचा आवाज आला, खणखणीत: "दत्तू म्हणे, आये!" त्याने ओळ उचलली. दत्तारामला मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. पुढे मात्र टाळ्यांचा पाऊस पडत होता, आणि पहिल्यांदाच त्या टाळ्या सगळ्याच्या सगळ्या त्याच्या होत्या.

कडेला साध्या कपड्यातला एक पोलीस वहीत काहीतरी उतरवून घेत होता, हे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार चाळीत आला. वही उघडून विचारलं, "हे चिथावणीचं गाणं रचणारा दत्तू कोण?"

चाळ गोळा झाली होती. शिवाही धावत आला होता, हातात अजून दातवणाची काडी. "साहेब, गाणं माझं..." तो बोलायला लागला.

दत्तारामच्या डोक्यात तिडीक गेली. इथेही हाच पुढे! बेड्याही याच्याच नावावर!

"खोटं बोलतोय तो," दत्ताराम ओरडला. "गाणं माझं आहे. दत्तू मी."

त्याला घेऊन गेले.

आठवड्याने त्याची बायको बकुळा जेलमध्ये भेटायला आली. जाळीपलीकडून नवऱ्याकडे टक लावून बघत राहिली.

"शिवा सगळीकडे सांगत सुटलाय," ती म्हणाली. "'पोलिसांचा वास काकांना आदल्या दिवशीच लागला होता, म्हणून त्यांनी माझं नाव काढून आपलं घातलं. मला वाचवलं.' गुणाजीभाऊजी घरी येऊन रडले. मी काय बोलणार? चहा टाकला."

"तो असं म्हणतो?"

"सगळेच म्हणतात." बकुळाने पदर सावरला. "मी सोडून."

बावीस दिवसांनी तो सुटला, तेव्हा चाळीच्या अंगणात मांडव घातलेला होता. हार, गुलाल, ओवाळायला चाळीतल्या सगळ्या बायका. आणि डफ शिवाच्या हातात. पोर कधी एकटं गात नसे, पण आज उभं राहिलं आणि नवीन गाणं म्हणालं. दुसऱ्याची बेडी आपल्या नावावर लिहून घेणाऱ्या एका शाहिराचं गाणं.

दत्ताराम मान खाली घालून कान देऊन ऐकत होता. कुठे मात्रा चुकते, कुठे यमक ओढून आणलंय, तेच हुडकत होता. एकही जागा सापडली नाही. गाणं पहिल्यापेक्षा चांगलं होतं. आपण जन्मभर घासलं तरी यातली एक ओळ आपल्याला सुचली नसती, हे त्याला लख्ख कळलं आणि रडू फुटलं. लोकांना वाटलं, भरून आलं. शेवटच्या कडव्यात 'शिवा म्हणे' आलं तेव्हा अंगणातलं एक माणूस कोरड्या डोळ्यांचं राहिलं नाही.

"शाहीर, बोला दोन शब्द!"

तो उठला. मी नाव चोरलं होतं, एवढं वाक्य ओठापर्यंत आलं. पण ते बोललं की हे गाणं मरणार, आणि दत्ताराम ज्यात होता असं जगात हे एकच गाणं होतं. त्याने हात जोडले आणि तो खाली बसला. त्याच्या नम्रतेवर पुन्हा टाळ्या पडल्या.

जिना चढताना बकुळा दोन पायऱ्या पुढे होती. मधल्या वळणावर थांबून ती हळूच म्हणाली, "आता जन्मभर त्या गाण्यातल्या माणसासारखं वागावं लागणार तुम्हाला. जमेल?"

खाली लोकांनी शिवाला ते गाणं पुन्हा म्हणायला लावलं होतं.